तपेल्यावरची नावं

आमच्या घरात दिवाळीच्या फराळाला चार माणसं जमली की एक गोष्ट हमखास निघते. डोंबिवलीच्या चाळीत शेजारच्या शशीच्या लग्नात भाताचं तपेलं ऐन वेळी गळायला लागलं, वऱ्हाड उपाशी राहायची वेळ आली, आणि माझ्या आईनं पदर खोचून सगळ्या चाळीला कामाला लावलं, ही ती गोष्ट. आई होती तोवर ती स्वतः सांगायची. ती गेल्यावर माझी धाकटी बहीण, जी त्या वेळी जन्मलीही नव्हती, डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगायला लागली. परवा माझा नातू तीच गोष्ट त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांना ऐकवत होता. "पणजीचं मन फार मोठं होतं," असं म्हणून त्यानं शेवट केला. सासरे भारावून गेले. मी चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसलो. त्या गोष्टीत वऱ्हाड खरं आहे आणि तपेलं गळलं हे खरं आहे. उरलेलं बहुतेक आमच्या सोयीचं आहे. ज्या बाईंच्या पदरात त्या दिवसाचा दोष पडला त्या केव्हाच गेल्या. आता मीही गेलो की सोयीचं तेच खरं होऊन बसेल, म्हणून हे प्रकरण.

चाळ म्हणजे सहा बिऱ्हाडांची एक कौलारू ओळ. स्टेशनावरून भातखाचरांच्या बांधाबांधानं यावं लागे, आणि चप्पल हातात घेऊन आलं तर ती जास्त टिके असं अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मत होतं. समोर अंगण, अंगणाच्या टोकाला विहीर, विहिरीपलीकडे मालकांचं घर. मालक इथलेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे शेतकरी. पहाटे रहाटाची करकर सुरू झाली की दिवस उजाडला असं समजायचं, आणि लांब रुळांवर मालगाडीचे डबे एकमेकांना धडका देत थांबले की जेवायची वेळ. रेशनचे दिवस होते. लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं हे आमचं रोजचं जेवण. भात रविवारी व्हायचा, तोही मुदीएवढा. मालकांच्या घरून सुकट भाजल्याचा वास आला की आई नाकाला पदर लावायची आणि अण्णा खोल श्वास घ्यायचे.

अण्णा मुंबईत फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होते आणि विचारांनी समाजवादी. संपत्तीवर सगळ्यांची मालकी असावी, हे ते ओसरीवर बसून तासन्‌तास पटवून देत. पटवता पटवता अडकित्ता मांडीखाली सरकवत, कारण शेजारचे पेंडसे मास्तर न विचारता आमची सुपारी कातरत. आईला समाजवाद ठाऊक नव्हता. तिला एवढंच ठाऊक होतं की जे आपलं आहे ते आपलं दिसलं पाहिजे. तेव्हा भांड्यांवर नाव घालून देणारे दारोदार फिरायचे. छोटी हातोडी, पोलादी छिन्नी, आणि "नावं घाऽऽला, भांड्यांवर नावंऽऽ" अशी लांबलचक हाक. प्रत्येक घरात लग्नातल्या, मुंजीतल्या भांड्यांवर देणाऱ्याचं किंवा घेणाऱ्याचं नाव ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेलं असायचं. आई मात्र तेवढ्यावर थांबली नव्हती. वाट्या, पळ्या, झारा, सांडशी, पिंपाचं झाकण, सगळ्यांवर 'फाटक'. मुसळ लाकडाचं म्हणून सुटेल असं वाटलं होतं, तर तिनं तापलेल्या उलथन्याच्या टोकानं त्याच्यावर 'फा' डागला. दुसऱ्या घरीही हाच प्रकार. पंगत उठली की बायका उष्ट्या ताटांभोवती बसून तळ उलटून वाचत. मला पुष्कळ दिवस वाटायचं की बायकांना लिहायवाचायला शिकवतात ते एवढ्यासाठीच.

नाव नसलेलं एकच भांडं चाळीत होतं. तांब्याचं थोरलं तपेलं. शंभर माणसांचा भात त्यात सहज व्हायचा. चाळीतल्या पहिल्या सत्यनारायणाला मालकांच्या म्हाताऱ्या आईनं, बयनं, ते आपल्या घरून पाठवलं होतं. परत मागायला कुणी आलं नाही आणि परत न्यायचं कुणाला सुचलं नाही. पहिलं वर्षभर आम्ही त्याला मालकांचं तपेलं म्हणायचो, मग नुसतं तपेलं, आणि मग चाळीचं तपेलं. आमची खोली कडेची, तिला एक जास्तीचा कोपरा होता. त्यामुळे ते आमच्याकडे असायचं. आई त्यात जुनी गोणपाटं ठेवायची.

यमुनाकाकू चाळीत सगळ्यांत शेवटी आल्या. बाकी बिऱ्हाडं गिरगावातून किंवा कोकणातून आलेली, काकू देशावरच्या. नवरा गेलेला, पदरी एक मुलगी, शशी. काकू शिवणाचं मशीन चालवायच्या आणि आमटीतसुद्धा लसूण घालायच्या. चाळीला पहिल्या गोष्टीची कीव यायची आणि दुसरीचा राग. वागायला सगळे नीट वागत. पण हळदीकुंकवाला त्यांच्या शशीला बोलावणं जायचं ते सगळ्यांत शेवटी, आणि "अगं, राहिलंच होतं" असं म्हणून.

एका दुपारी काकू आमच्या दारात आल्या. चेहरा उजळलेला. "वहिनी, शशीचं जमलं हो! कल्याणचं स्थळ आहे, मुलगा रेल्वेत. अंगणातच करावं म्हणते. बय भाताचे तांदूळ देणार आहेत. तपेलं मिळेल ना?"

"मिळेल की," आई म्हणाली. "चाळीचंच आहे."

काकूंची पाठ वळली आणि आईनं विळी बाजूला ठेवली. "चाळीचं म्हटलं मी. पण तपेलं आलं तेव्हा ही चाळीत होती का?"

"तत्त्वतः ते सगळ्यांचं आहे," अण्णा वर्तमानपत्राआडून म्हणाले. त्या दिवशी त्यांना सुट्टी होती.

"तत्त्व राहू द्या. लग्नाच्या गडबडीत भांडी कशी पाय फुटून जातात, तुम्हाला काय माहीत? माझा माहेरचा गडू मी एका वरमाईच्या पिशवीतून परत काढलाय."

"एवढं तपेलं पिशवीत मावेल का?"

"टांग्यात मावेल!"

अण्णांनी पान उलटलं. "मग नाव घालून ठेव," असं म्हणून ते पुन्हा जगातल्या श्रमिकांकडे वळले.

योगायोग असा की त्याच आठवड्यात नावं घालणारा आला. तो अक्षरं ओळखत नव्हता. आपण खडूनं लिहून द्यायचं आणि तो रेघेवरून छिन्नी चालवणार. चाळीत अक्षर माझं बरं. मी तेव्हा मॅट्रिकच्या आधीच्या वर्गात असेन. "वश्या, खडू घे," आई म्हणाली. "मोठं काढ. मांडवाच्या त्या टोकाहून दिसलं पाहिजे." मी 'फाटक' काढलं आणि टकटक सुरू झाली. तांब्यावरची टकटक लपत नाही. पलीकडच्या करंदीकरवहिनी हात पुसत दारात.

"फाटकवहिनी, ठोकाठोकी कसली?"

"काही नाही हो. पोचा पडला होता, तो काढून घेतेय."

वहिनींनी मान वाकडी करून वाचलं. "पोच्याला तुमचं आडनाव आलंय वाटतं."

आई अशा वेळी गडबडायची नाही. "तसं नव्हे, एक ओळख असावी म्हणून."

"मग आमचीही ओळख असू दे. वश्या, लिही रे बाळा. आणि हे घे." माझ्या हातात खोबऱ्याची वडी पडली.

इथे मला थांबून एक सांगितलं पाहिजे. आमच्या गोष्टीत मी कुठेच नाही, आणि ते मला इतकी वर्षं सोयीचं होतं. त्या दिवसांत साखर औषधासारखी मोजून मिळायची. तोंडात वडी विरघळत असताना मला एक विचार सुचला, आणि तो माझा स्वतःचा होता, कुणी शिकवलेला नव्हता. मी उरलेल्या बिऱ्हाडांची दारं ठोठावली आणि सांगितलं, "तपेल्यावर सगळ्यांची नावं पडतायत. तुमचं राहिलं." एवढं पुरे झालं. एका घरातून मला गुळपापडीचा तुकडा मिळाला, दुसऱ्या घरातून शंकरपाळी. कोणी विचारलं नाही की कशासाठी. आपलं राहिलं, एवढं ऐकल्यावर माणूस पुढचं विचारत नाही. आता मी मुलाकडे ठाण्यात राहतो. तिथे इमारतीखाली गाड्यांच्या जागांवर रंगानं नंबर घातलेत आणि त्या रंगावरून दर महिन्याला सभा होते. ज्यांच्याकडे गाडी नाही तेही जागेवर कुंडी ठेवून बसतात. मी सभेला जातो. मला मुळीच कंटाळा येत नाही.

संध्याकाळी पेंडसे मास्तर शाळेतून आले तेव्हा तपेल्याचं पोट भरून गेलं होतं. "मला तळ चालेल," मास्तर म्हणाले. "माणसानं नम्र असावं." मग त्या नम्र जागी त्यांनी माझ्याकडून स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं पूर्ण लिहून घेतलं, आणि पुढे बी. ए., बी. टी. तांबं जुनं, वर्षानुवर्षं चुलीवर चढून तळाशी झिजलेलं. नावं घालणाऱ्याला अक्षरावर दर होता. तो आनंदानं ठोकत राहिला. मला मास्तरांकडून एक पिकलेला पेरू मिळाला.

दुसऱ्या दिवशी काकू तपेलं न्यायला आल्या. त्यांनी ते दोन्ही हातांनी गोल फिरवलं, एकेक नाव वाचलं. "आमचं नाही घातलं?" त्यांनी हसत विचारलं.

"जागाच नाही हो उरली," आई म्हणाली.

लग्नाच्या दिवशी अंगणात मांडव, दारात केळीचे खुंट, आणि विहिरीजवळ दगड मांडून केलेली चूल. वऱ्हाड कल्याणहून सकाळीच आलं होतं. मुहूर्त लागला, अक्षता पडल्या, आणि पंगतीची पानं मांडायला घेतली. तिकडे भाताचं आधण काही येईना. चूल फुरफुरायची, धूर काढायची आणि विझायची. अण्णांनी लाकडं ओली असल्याचं सांगितलं. पेंडसे मास्तरांनी वाऱ्याची दिशा चुकल्याचं सांगितलं. दोघांनी मिळून चूल पुन्हा पेटवली आणि ती पुन्हा विझली. शेवटी करंदीकरवहिनींनी खाली वाकून पाहिलं. तपेल्याच्या तळातून पाणी ठिबकत होतं. ठिबकत म्हणजे नीट, एका ओळीत. ती ओळ मास्तरांच्या पदवीची होती.

मी पाहिलं, मास्तरांनी पाहिलं, आईनं पाहिलं. नावं घालणारी सगळी घरं चुलीभोवती उभी होती आणि कुणाला काही समजायचं शिल्लक राहिलं नव्हतं. तेवढ्यात मांडवातून वराचे काका विचारत आले, "काय झालं? पानं वाढायची ना?"

"तपेलं गळतंय," करंदीकरवहिनी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "काल यमुनाबाईंनी घासलं ना. वाळूनं घासलं असणार."

सगळ्यांच्या छातीतून एकदम श्वास सुटला. आई म्हणाली, "तांब्याला वाळू लावू नये." मास्तर म्हणाले, "शास्त्रच आहे ते." आणि मीही मान हलवली. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी हलवली.

काकू हातात तांदळाचं सूप घेऊन उभ्या होत्या. मुलीकडची बाजू, त्यात नवरा नसलेली बाई, आणि समोर वराचे काका. त्या कुणाशी भांडणार? "माझ्याच हातून झालं असेल," त्या म्हणाल्या आणि सूप खाली ठेवलं. वराच्या काकांच्या कपाळावर आठी चढत होती. एवढ्यात पिवळ्या साडीतली, मुंडावळ्या बांधलेली शशीच मांडवातून बाहेर आली. नवऱ्या मुलीनं असं बाहेर यायचं नसतं. तिनं तपेल्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं.

"नाव घातलेली पातेली प्रत्येकाच्या घरी आहेत ना?" ती खणखणीत आवाजात म्हणाली. "तांदूळ वाटून घ्या आणि आपापल्या चुलीवर भात करा. मी पाहुण्यांना सांगते, फाटकांचा भात कुठला, करंदीकरांचा कुठला. बघू दे त्यांना, कुणाचा चांगला होतो ते."

पुढे जे घडलं त्याला आमच्या घरात मोठं मन म्हणतात. मी तिथे होतो. आई पदर खोचून धावली हे खरं, पण ती धावली करंदीकरवहिनींच्या आधी चूल पेटवायला. एरवी आमच्या डोळ्यांना न दिसणारे डबे उघडले. आईनं गोणपाटांखालून काजू काढले. पाव्हणे आले तरी जे निघत नव्हते ते काजू! करंदीकरांच्या घरातून लोणकढ्या तुपाचा वास आला. तो वास आल्यावर आईनं लवंगा टाकल्या. लवंगांचा वास गेला तसा तिकडे खोबऱ्याचा कीस पडला. पेंडसे मास्तर स्वतः पातेल्याशी उभे राहून शितं दाबून पाहत होते. "वश्या, बघून ये, त्यांनी केशर तर नाही ना घातलं?" आई मला दर दोन मिनिटांनी पिटाळत होती. साध्या वरणभाताची पंगत होती ती. वऱ्हाडाला पाच परींचा मसालेभात मिळाला. वराचे काका तीनदा वाढून घेते झाले आणि म्हणाले, "डोंबिवलीची माणसं दिलदार हो!" अण्णा म्हणाले, "आमच्याकडे सगळं सामुदायिक असतं."

पंगत उठत आली तेव्हा बय आली. ठेंगणी, काळीसावळी, नऊवारी घट्ट नेसलेली. विहिरीशी पालथं घातलेलं तपेलं तिला दिसलं आणि ती तिथेच थबकली.

"ह्यो त माजे लग्नानचा तपेला!" तिनं त्याच्यावरून हात फिरवला. "माजे आयसनी दिलेला. कवरी नक्षी केलीव गो यावर! चारी अंगांना!"

बयला वाचता येत नव्हतं. तिनं मला बोटानं बोलावलं. "ए पोरा, काय काढलाय रं ह्यो? वेल हाय?"

आई माझ्याकडे पाहत होती, करंदीकरवहिनी माझ्याकडे पाहत होत्या, मास्तर आभाळाकडे पाहत होते. "हो बय," मी म्हणालो. "वेल आहे. लग्नासाठी काढली."

"झ्याक काढली. आनि बोक कशान परला?"

आता एवढं झाल्यावर खरं कोण सांगणार? नक्षीनं भोक पडलं म्हटलं की नक्षी कसली, ते सांगावं लागणार. आईनं काकूंकडे बोट केलं. "यमुनाबाईंनी वाळूनं घासलं, बय."

काकूंनी मान खाली घातली. बय त्यांच्याकडे पाहत राहिली आणि मग मोठ्यांदा हसली. "मंग बरा झाला! कोनी घासला त खरा. तुमी लोकांनी येवरी वर्सां कवा घासला व्हता?" तिनं काकूंच्या दंडाला धरलं. "डाग लावून घेते मी. आनि आता ह्यो हिचे घरा ठेवा. कोनाला पायजे असंल त हिला इचारा. ही घासते."

तपेल्याच्या तळाला डाग लागला. मास्तरांच्या पदवीवर शिशाचा गोळा बसला आणि तपेलं काकूंच्या एका खोलीत, मशीनच्या शेजारी जाऊन राहिलं. शशी कल्याणला गेली होती, तेव्हा जागा झाली होती. वाळूची गोष्ट मात्र जिथल्या तिथे राहिली, कारण बयसमोर ती बदलायची कुणाची छाती नव्हती, आणि पुढे बयच्या पाठीमागेही आम्हाला तिची सवय झाली.

वर्षभरानं आमच्या घरी माझ्या धाकट्या बहिणीचं बारसं ठरलं. आई दोन दिवस चुळबुळत होती. मग मला बरोबर घेऊन काकूंच्या दारात गेली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "यमुनावहिनी, तपेलं हवं होतं."

"न्या की, विचारायचं काय त्यात? फक्त घासून न्या हो. बयचा हुकूम आहे."

आईनं विहिरीवर बसून ते तपेलं घासायला घेतलं. सगळी चाळ आपापल्या ओसरीवर काहीतरी निवडत बसली होती. काकूही पायरीवर सुपात तांदूळ घेऊन. मी रहाट ओढत होतो. नारळाची शेंडी झाली, राख झाली, चिंच झाली, तळाची काजळी काही निघेना. आई डागाच्या कडेकडेनं जपून हात फिरवत होती. शेवटी मान वर न करता ती म्हणाली, "मूठभर वाळू घेतली असती, पण नकोच. नाही का?"

"घ्या हो, खुशाल घ्या," काकू म्हणाल्या. "वाळूनं काही होत नाही त्याला."

आईचा हात थांबला. ओसऱ्यांवर निवडणारे सगळेच हात थांबले असावेत, कारण मला फक्त पोहऱ्यातून पाणी गळत असलेलं ऐकू येत होतं. काकूंनी सूप बाजूला ठेवलं, त्या उठल्या, विहिरीच्या कठड्याखालची ओली वाळू मुठीत घेतली आणि आईच्या तळहातावर ठेवली. मग समोर उकिडव्या बसून त्यांनी तपेल्याचा काठ दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"मी धरते. तुम्ही घासा."

आई घासायला लागली. मी पोहरा पुन्हा खाली सोडला.